सोळा आठवडे सल्लागारांसोबत

व्यवस्थापन सल्लागार बोलवायचे ठरले, ही बातमी मला आमच्या नियोजनप्रमुखांनी दारातच उभं राहून दिली. एरवी ते आत येऊन बसायचे. त्या दिवशी ‘आता बाहेरचे लोक येऊन आपलं काय चुकतंय ते बघणार आहेत,’ एवढंच म्हणाले आणि गेले. तीन वर्षांपूर्वी याच विषयावर त्यांनी नऊ पानांचं टिपण लिहिलं होतं. ते मी वाचलं होतं. माझ्याखेरीज आणखी कोणी शेवटपर्यंत वाचलं असेल असं मला वाटत नाही.

आमची कंपनी औद्योगिक पंप आणि त्यांचे सुटे भाग बनवते. दुखणं जुनं होतं. गोदाम भरलेलं, आणि तरी ऑर्डरी उशिरा. ग्राहकाला हवा तो भाग नेमका संपलेला, आणि कोणालाच नको असलेले भाग रॅकवर धूळ खात पडलेले. सेल्सवाले म्हणायचे, उत्पादन विभाग हवं ते बनवत नाही. उत्पादनवाले म्हणायचे, सेल्स शेवटच्या क्षणी ऑर्डर बदलतं. खरेदी विभाग सवलत मिळते म्हणून एकदम भरपूर माल उचलायचा, आणि वित्त विभाग दर महिन्याला अडकलेल्या पैशाचा आकडा दाखवून सगळ्यांना धारेवर धरायचा. दोन अंतर्गत समित्या नेमून झाल्या होत्या. दोन्हींत मी होतो. चौथ्या-पाचव्या बैठकीपासून विभागप्रमुख आपल्या जागी साहाय्यकाला पाठवायला लागायचे, आणि घोंगडं तसंच भिजत राहायचं.

शेवटी संचालक मंडळाच्या बैठकीत एका संचालकांनी विषय काढला आणि सोळा आठवड्यांचं काम ठरलं. कंपनीच्या बाजूने समन्वयक म्हणून माझं नाव गेलं. सल्लागारांना लागेल ती माहिती मिळवून द्यायची, लोकांच्या वेळा जुळवायच्या, त्यांच्यासोबत बसायचं, हे माझं काम. मला राग आला होता. अकरा वर्षं मी नियोजनाच्या कामात होतो आणि आता कोणीतरी येऊन मलाच माझं काम समजावून सांगणार होतं.

निवड होण्याआधी मी या व्यवसायाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. लोक मुळात या सल्ल्याला पैसे का देतात हे मला समजून घ्यायचं होतं. सुरुवात शोधत गेलो तर १८८६ साली पोचलो. आर्थर लिटल या रसायनशास्त्रज्ञाने बॉस्टनमध्ये तेव्हा एका भागीदाराबरोबर प्रयोगशाळा उघडली होती. कारखान्यांकडे नसलेलं तांत्रिक ज्ञान ती विकत देत असे. त्याच सुमाराला फ्रेडरिक टेलर पोलाद कारखान्यांत घड्याळ घेऊन कामाची मोजणी करत होते. १९१४ साली शिकागोजवळ एडविन बूझ यांनी आपली फर्म काढली आणि १९२६ साली शिकागोत जेम्स मॅकिन्झी यांनी. मॅकिन्झी हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते. अंदाजपत्रक हे कंपनी चालवण्याचं साधन आहे, हे ते कंपन्यांना पटवून देत. पुढे १९३३ च्या अमेरिकन बँकिंग कायद्याने ठेवी घेणाऱ्या बँका आणि भांडवल उभारून देणाऱ्या बँका वेगळ्या केल्या. कंपन्यांची आतून तपासणी करण्याचं जे काम बँकांशी जोडलेलं होतं, ते या कायद्यानंतर स्वतंत्र सल्लागारांकडे कसं वळलं, हे इतिहासकार ख्रिस्तोफर मॅकेना यांनी दाखवलं आहे. ब्रूस हेंडरसन यांची बॉस्टनमधली फर्म १९६३ ची. बाजाराची वाढ आणि आपला वाटा यांवरून कोणता धंदा दुभती गाय आणि कोणता नुसता पोसायचा, हे सांगणारा त्यांचा चार खणांचा तक्ता १९७० चा.

हे सगळं वाचताना एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. ‘सल्ला’ हा शब्द एकच, पण प्रत्येक काळात गिऱ्हाईक विकत घेत होतं ते वेगळं. कधी प्रयोगशाळा, कधी घड्याळ, कधी अंदाजपत्रक, कधी बँकेला विश्वास वाटावा असं तिऱ्हाइताचं मत, तर कधी पुढच्या दहा वर्षांचा आराखडा. मग आम्ही नेमकं काय विकत घेत होतो? हा प्रश्न मी तेव्हा कोणाला विचारला नाही. विचारायला हवा होता.

निवडीत फार वेळ गेला नाही. चार प्रस्ताव आले. त्यांतला एक आमच्या ऑडिटरच्याच समूहातल्या सल्लागार शाखेचा होता. वित्तप्रमुखांनी तो पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. हिशेबातल्या घोटाळ्यामुळे बुडालेल्या एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीचं प्रकरण त्यांनी सगळ्यांसमोर मांडलं. २००० साली आर्थर अँडरसन या फर्मला एन्रॉनकडून ऑडिटचे सुमारे अडीच कोटी डॉलर मिळाले होते आणि इतर सल्लासेवांचे त्याहून जास्त, सुमारे दोन कोटी सत्तर लाख. जो हिशेब तपासतो त्यानेच सल्ल्याचं बिल लावलं तर तो तपासणीत कठोर कसा राहील? २००२ साली अमेरिकेने सार्बेन्स-ऑक्सले कायदा करून ऑडिटरला त्याच कंपनीची बहुतेक सल्ल्याची कामं घ्यायला बंदी केली, ती याच प्रकरणांनंतर. उरलेल्या तिघांपैकी एकाला काम मिळालं. निवडीच्या वेळी आमच्याकडून एक चूक झाली. सादरीकरण करायला आलेले ज्येष्ठ भागीदार पाहून आम्ही प्रभावित झालो, पण रोज आमच्यात येऊन कोण बसणार आहे हे कोणी विचारलं नाही. ते भागीदार पुढे साधारण दोन आठवड्यांतून एकदा दिसायचे.

रोज येणारे चौघं होते. प्रकल्पाची सूत्रं सांभाळणारी बाई पस्तिशीच्या आसपासची, बाकीचे तिघे त्याहून बरेच तरुण. त्यांतल्या एकाची नोकरी लागून दोनच वर्षं झाली होती. ‘ही पोरं आपल्याला शिकवणार?’ हे वाक्य पहिल्या आठवड्यात मी किमान दहा जणांच्या तोंडून ऐकलं, आणि मनातल्या मनात मीही म्हटलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माहितीची यादी दिली. साठाहून जास्त बाबी. तीन वर्षांच्या ऑर्डरी, प्रत्येक भागाचा साठा, खरेदीचे दर, उशिराची कारणं. मला वाटलं, दोन-तीन दिवसांचं काम आहे. त्यात पाच आठवडे गेले, आणि ते पाच आठवडे या सगळ्या प्रकरणातले सर्वात मोलाचे होते असं मी आज म्हणेन.

झालं असं. ‘वेळेवर पोचलेल्या ऑर्डरी किती टक्के?’ हा त्यांचा अगदी साधा प्रश्न. सेल्सने उत्तर दिलं ५८. उत्पादनाने दिलं ९१. डिस्पॅचने दिलं ७६. तिघंही खरं बोलत होते. ग्राहकाला पहिल्यांदा दिलेली तारीख सेल्स धरत होतं. उत्पादन विभाग शेवटची सुधारलेली तारीख धरत होता, आणि तारीख सुधारण्याचा अधिकार त्यांच्याकडेच होता. डिस्पॅचच्या लेखी गाडी गेटबाहेर पडली की ऑर्डर पोचली. म्हणजे तीन वर्षं आम्ही समित्यांमध्ये बसून तीन वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत होतो आणि तिन्हींना एकच नाव देत होतो. मी त्या प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त लिहिलं होतं. माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

सूत्रधार बाईंनी तिन्ही विभागप्रमुखांना एका खोलीत बसवलं आणि व्याख्या ठरल्याशिवाय पुढचं काम सुरू होणार नाही असं स्पष्ट सांगितलं. दोन तास लागले. ग्राहकाने मान्य केलेली पहिली तारीख धरायची, असं ठरलं. उत्पादनप्रमुखांचा चेहरा मी पाहत होतो. त्या एका व्याख्येने त्यांच्या विभागाचा ९१ चा आकडा एका दिवसात साठच्या खाली आला. हेच मी किंवा आमच्यापैकी कोणी सुचवलं असतं तर ते ‘नियोजनवाले सेल्सच्या बाजूने गेले’ असं धरलं गेलं असतं. कोणतीही व्याख्या जिंकली तरी घरातला कोणीतरी हरणार होता, म्हणून घरातल्या कोणाला ती ठरवता येत नव्हती. त्या चौघांना आमच्याकडे बढती घ्यायची नव्हती, कोणाच्या हाताखाली पुढची दहा वर्षं काढायची नव्हती. त्यांचं तिऱ्हाईतपण हेच त्या दिवशी उपयोगी पडलं.

मग मुलाखती सुरू झाल्या. बेचाळीस माणसं, प्रत्येकी पाऊण ते एक तास. पहिल्या पाच-सहा मुलाखतींना मी बसलो. सहाव्या मुलाखतीनंतर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘तुम्ही नसाल तर लोक जास्त बोलतील. वाईट वाटून घेऊ नका.’ वाईट वाटलं. पण त्यांचं म्हणणं खरं ठरलं. नंतर त्यांनी नावं गाळून जे मुद्दे माझ्यासमोर ठेवले, त्यांतले निम्मे मी कधीच ऐकले नव्हते. महिनाअखेरीचं लक्ष्य गाठायला शेवटच्या आठवड्यात जे सोपं ते आधी बनवलं जातं आणि अवघड ऑर्डरी पुढच्या महिन्यात ढकलल्या जातात, हे सगळ्या फोरमनना माहीत होतं. सेल्सवाले मुद्दाम जास्तीची मागणी नोंदवून ठेवतात, कारण नाहीतर आपल्या वाट्याला माल येणार नाही अशी त्यांना भीती असते, हेही सगळ्यांना माहीत होतं. अळीमिळी गुपचिळी चालली होती. त्यात मीही होतो, हे मी नाकारत नाही.

एक गोष्ट मला अजून लागून राहिली आहे. स्टोअरच्या प्रमुखांची मुलाखत त्या दोन वर्षं नोकरी झालेल्या मुलाने घेतली. तासाभराची होती, ती तीन तास चालली. शेवटी त्यांनी कपाटातून एक लांबट वही काढून त्याच्यापुढे ठेवली. सात वर्षं ते त्यात नोंद करत होते: कोणता भाग कधी आला, शेवटचा कधी उचलला गेला, कोणता पुन्हा मागवला तेव्हा आधीचाच पडून होता. संगणकातल्या साठ्याच्या नोंदीपेक्षा ती वही अचूक निघाली. मी त्यांच्या टेबलावरून रोज दोनदा जात होतो. मी त्यांना विचारलं, ‘तुम्ही हे कधी दाखवलं नाहीत?’ ते शांतपणे म्हणाले, ‘साहेब, कोणी बसलंच नाही कधी.’

आमच्यातल्या कोणालाच असा वेळ नव्हता. आमचा दिवस आजची अडकलेली ऑर्डर सोडवण्यात संपायचा. सल्लागार घेणं म्हणजे चार माणसांना सोळा आठवडे एकाच प्रश्नाकडे बघायला मोकळं ठेवणं, हा हिशेब मला त्या वहीपाशी कळला. ती मोकळीक कंपनीला स्वतःच्या दोन-तीन माणसांनाही देता आली असती का? आली असती, असं मला वाटतं. पण दिली नव्हती, आणि मागितलीही नव्हती.

त्यांच्या कामाच्या रीतीतून मी बरंच शिकलो. बाई पहिल्याच आठवड्यात ‘माझा अंदाज असा आहे’ म्हणून उत्तर लिहून ठेवायच्या आणि मग ते खोटं ठरवायचा प्रयत्न करायच्या. कागदावर निष्कर्ष सर्वात वर, त्याखाली कारणं, त्याखाली पुरावे, आणि कारणं एकमेकांत घुसणारी नसावीत, एकही सुटलेलं नसावं. ही मांडणी बार्बरा मिंटो यांनी मॅकिन्झीत असताना घडवली. १९६३ साली त्या तिथे लागल्या तेव्हा त्या फर्मने घेतलेल्या एमबीए झालेल्या पहिल्या महिला होत्या. आमच्या नियोजनप्रमुखांचं नऊ पानांचं टिपण मी पुन्हा काढून वाचलं. त्यांचा मुख्य मुद्दा आठव्या पानावर होता.

आठव्या आठवड्यात आम्ही एका लांब भिंतीवर तपकिरी कागद लावला आणि एका ऑर्डरीचा पूर्ण प्रवास त्यावर चिकटवला. प्रत्येक टप्पा, प्रत्येक सही, प्रत्येक थांबा. जे काम प्रत्यक्ष करतात त्यांनीच चिठ्ठ्या लावायच्या असा नियम होता, प्रमुखांनी फक्त बघायचं. ऑर्डर आल्यापासून माल निघेपर्यंत ४६ दिवस. त्यांत त्या मालाला कोणाचा तरी हात लागलेला वेळ सहा दिवसांचा. बाकीचे चाळीस दिवस ती कुठेतरी वाट बघत होती: सहीची, एका वॉशरची, यंत्र मोकळं होण्याची, कोणीतरी सुट्टीवरून परत येण्याची. भिंतीसमोर पंधरा-वीस माणसं उभी होती आणि बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक फोरमन पुढे झाला आणि त्याने स्वतःच्या विभागातला, आमच्या कोणाच्या यादीत नसलेला एक थांबा चिकटवला.

सुकाणू समितीच्या, म्हणजे या कामावर देखरेख ठेवणाऱ्या समितीच्या, बैठका मात्र मला सुरुवातीला फसव्या वाटल्या. बैठकीच्या आधी दोन दिवस भागीदार यायचे आणि प्रत्येक विभागप्रमुखाला एकेकट्याला भेटून दाखवायचे की परवा काय मांडणार आहोत. प्रत्यक्ष बैठकीत कोणालाच काही नवीन नसायचं. मी बाईंना विचारलं की मग बैठक कशाला घेता. त्या म्हणाल्या, ‘चारचौघांत पहिल्यांदा ऐकलं तर माणूस बचाव करतो. एकट्यात ऐकलं तर विचार करतो.’ यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. आमच्या समित्या का मोडल्या, त्याचं एक कारण इथे होतं. आम्ही प्रत्येक वेळी माणसाला सगळ्यांसमोर उघडं पाडत होतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगणं अवघड आहे.

साधारण अकराव्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की आमच्या व्यवस्थापकीय संचालकांनी एका गोष्टीचा निर्णय काम सुरू होण्याआधीच घेतला होता. लहान पंपांची जुळणी करणारा एक विभाग होता, तिथे ३४ माणसं काम करायची. तो बंद करायचं त्यांच्या मनात होतं. प्रस्तावाच्या कार्यकक्षेतलं एक वाक्य, ‘उत्पादनश्रेणीचा फेरविचार’, त्यासाठीच घातलं गेलं होतं. मी हे बाईंना सरळ विचारलं. त्यांनी लपवलं नाही. आकडे काय म्हणतात ते आम्ही तपासू आणि तेच लिहू, असं म्हणाल्या. त्यांनी तसंच केलं, याला मी साक्षीदार आहे. दोन रात्री मी त्यांच्या टीमबरोबर त्या विभागाचा खर्च नव्याने मांडला. निष्कर्ष निघाला की लहान पंपांपैकी दोन प्रकार तोट्यात आहेत आणि तिसरा थोड्या बदलाने टिकू शकतो. अहवालात तो पर्याय लिहिला गेला. व्यवस्थापकीय संचालकांनी मात्र विभाग पूर्ण बंद करण्याचाच पर्याय उचलला, तोही अहवालात पर्याय म्हणून होताच.

विभाग बंद झाल्याचं सांगायला कामगारांची सभा घेतली गेली. २३ जणांना दुसरीकडे सामावून घेतलं, अकरा जणांना भरपाई देऊन निरोप दिला गेला. भरपाई रीतसर होती. पण सभेत सांगितलं गेलं की हा निर्णय सल्लागारांच्या अहवालानुसार आहे. मागून एक जण म्हणाला, ‘मग त्यांना बोलवा. आम्हाला त्यांच्याशीच बोलायचंय.’ सल्लागार तोपर्यंत गेलेले होते. समोर उत्तर द्यायला कोणीच नव्हतं.

कंपन्या सल्लागार का घेतात याचं हेही एक खरं कारण आहे, आणि मी ते जवळून पाहिलं. निर्णय आपला, बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर. संचालक मंडळापुढे जाताना बाहेरच्या नावाचा शिक्का उपयोगी पडतो, हे मी समजू शकतो. मंडळाला आपल्या अधिकाऱ्याच्या मताची खातरजमा करून घ्यायचा हक्क आहे, आणि तिऱ्हाइताकडून ती करून घेण्यात गैर काही नाही. पण ज्यांची नोकरी जाणार आहे त्यांच्यासमोर उभं राहून ‘हे मी ठरवलं’ असं म्हणण्याची जबाबदारी कोणत्याही शुल्कात विकत घेता येत नाही. मी त्या सभेत मागे उभा होतो. ज्या तक्त्यावरून विभाग बंद झाला तो करण्यात माझे दोन हात होते आणि तिसरा प्रकार टिकवण्याच्या पर्यायासाठी मी त्या सभेआधी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. त्याची बोचणी अजून आहे.

शेवटचं सादरीकरण त्या सभेच्या तीन आठवडे आधीचं. दहा शिफारशी होत्या. तोट्यातले आणि क्वचित विकले जाणारे प्रकार कमी करा; विक्रीचा अंदाज एकाच माणसाच्या नावावर ठेवा; दर सोमवारी सेल्स, उत्पादन, खरेदी आणि वित्त यांनी एकच कागद समोर ठेवून बसा; वर्षभर न हललेला भाग दोन सह्यांशिवाय मागवू नका; महिनाअखेरीचं लक्ष्य मोडून आठवड्याचं करा. मी मोजलं. दहापैकी सहा शिफारशी त्या नऊ पानांच्या टिपणात होत्या. आमचे नियोजनप्रमुख दुसऱ्या रांगेत बसले होते. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. बाहेर आल्यावर मी काही बोलणार तोच ते म्हणाले, ‘मी लिहिलं ते चूक नव्हतं, एवढं तरी कळलं.’

तेच मुद्दे तीन वर्षांपूर्वी का चालले नाहीत? मी यावर पुष्कळ विचार केला. त्यांच्या टिपणात सेल्सचे आकडे नव्हते, कारण सेल्सने ते दिले नव्हते. सल्लागारांना पाच आठवड्यांत का होईना, दिले. ते टिपण नियोजन विभागाचं होतं, म्हणून ते सगळ्यांनी नियोजनाची तक्रार म्हणून वाचलं. आणि त्यासाठी कोणी पैसे मोजले नव्हते. सोळा आठवडे कोणत्याही विभागप्रमुखाने साहाय्यकाला पाठवलं नाही, कारण प्रत्येक बैठकीची किंमत व्यवस्थापकीय संचालकांना माहीत होती. सल्लागारांनी बाहेरून आणलेलं ज्ञान अगदीच नव्हतं असं मी म्हणणार नाही. सोमवारच्या बैठकीचा नमुना त्यांनी इतर कारखान्यांत चालवून पाहिलेला होता, आणि तो आम्हाला तयार मिळाला. पण दुसरीकडचं आमच्याकडे येतं तसं आमचं दुसरीकडे जाऊ शकतं, म्हणून गोपनीयतेचं कलम मी करारात तीनदा वाचलं होतं.

ते गेले आणि खरं काम सुरू झालं. जेम्स मॅकिन्झी यांच्याच आयुष्यातली एक गोष्ट मला तेव्हा वारंवार आठवायची. १९३५ साली त्यांनी मार्शल फील्ड या मोठ्या दुकान कंपनीला सल्ला दिला, आणि त्या कंपनीने त्यांनाच अध्यक्ष करून तो अमलात आणायला बसवलं. घाऊक व्यापार बंद करणं, माणसं कमी करणं, हे सगळं त्यांना स्वतः करावं लागलं, विरोध झेलत. १९३७ साली न्यूमोनियाने ते गेले. सल्ला कागदावर असतो तेव्हा त्याला कोणाचा चेहरा नसतो. क्वचित विकले जाणारे प्रकार बंद करायची यादी घेऊन मी सेल्सकडे गेलो तेव्हा प्रत्येक ओळीमागे एक जुना ग्राहक निघाला, आणि त्या ग्राहकाला वीस वर्षं सांभाळलेला एक माणूस.

वर्षभरात साठा साधारण पाचव्या हिश्श्याने उतरला आणि वेळेवर जाणाऱ्या ऑर्डरी, नव्या व्याख्येनुसार, ५८ वरून सत्तरीच्या वर आल्या. हे खरं यश होतं आणि त्याचं श्रेय त्या चौघांना मी मोकळ्या मनाने देतो. तीन वर्षांनंतर मात्र दहापैकी पाचच गोष्टी टिकल्या आहेत. आठवड्याचं लक्ष्य नवीन उत्पादनप्रमुख आल्यावर गेलं. दोन सह्यांचा नियम घाईच्या एका महिन्यात बाजूला ठेवला तो परत आलाच नाही.

आमचंच असं झालं असेल, असं मला वाटायचं. मग मी मुंबईजवळच्या कापड कारखान्यांतला प्रयोग वाचला. स्टॅनफर्ड आणि जागतिक बँकेच्या संशोधकांनी काही कारखान्यांना पाच महिने मोफत सल्लागार दिले आणि तुलनेसाठी काहींना फक्त एक महिन्याची पाहणी. साठा नीट लावणं, दोषांची नोंद ठेवणं, यंत्रांची वेळेवर देखभाल, अशा ३८ साध्या पद्धती होत्या. पूर्ण सल्ला मिळालेल्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात १७ टक्क्यांनी वाढली. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. बऱ्याच वर्षांनी ते संशोधक परत गेले तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटलेल्या होत्या. कारखान्याचा व्यवस्थापक बदलला, मालकांना वेळ राहिला नाही, ही कारणं होती. तरीही ते कारखाने तुलनेतल्या कारखान्यांपेक्षा पुढेच होते. मला ते वाचून धीर आला, आणि आमच्या दोन सह्यांच्या नियमाबद्दल हळहळही वाटली.

गेल्या महिन्यात विक्रीपश्चात सेवेसाठी सल्लागार बोलवायचा विषय पुन्हा निघाला. व्यवस्थापकीय संचालकांनी माझं मत मागितलं. मी एक पान लिहून दिलं, निष्कर्ष सर्वात वर. आपल्याला माहिती हवी आहे, मोकळी माणसं हवी आहेत, विभागांमधला पंच हवा आहे, की घेतलेल्या निर्णयाला आधार हवा आहे, ते आधी आपण लिहून ठेवावं. शेवटचं असेल तर बोलवू नये, आणि निर्णय तुम्ही स्वतः सांगावा, असंही लिहिलं. ते वाचून त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाले, ‘लहान पंपांबद्दल लिहिलंय का हे?’ मी हो म्हटलं.

तीन आठवडे आम्ही स्वतः देणार आहोत. माझ्यासह दोन माणसं रोजच्या कामातून पूर्ण मोकळी, ही अट त्यांनी मान्य केली. त्यानंतरही पंचाचीच गरज दिसली तर सल्लागार बोलवू, आणि या वेळी रोज कोण येऊन बसणार ते मी आधी विचारीन. कोणाकोणाशी बोलायचं याची यादी आज केली. पहिलं नाव डिस्पॅचच्या रात्रपाळीच्या सुपरवायझरचं आहे. त्यांनाही एक वही आहे, असं स्टोअरच्या प्रमुखांनी मला काल सांगितलं.